चार आणि पाचच्या मधला लाल ठिपका

एवढं महागडं घड्याळ घ्यायची माझी ऐपत नाही, हे आधीच सांगून टाकते. पुण्यातल्या त्या चकचकीत दुकानात मी शिरले ती उन्हाला वैतागून, एसीची फुकट हवा खायला. आणि काचेखाली दादाचं घड्याळ दिसलं.

तीच सायीच्या रंगाची डायल, तेच बारीक काटे, आणि चार व पाचच्या मध्ये, पाचाकडे जरा जास्त झुकलेला, मोहरीएवढा लाल ठिपका. मी काचेला नाक लावून बघत राहिले. सेल्समन मात्र खुशीत होता. "आमच्या स्विस कंपनीनं जुनी डिझाइन्स पुन्हा काढलीत, मॅडम. या मॉडेलचा मूळ नमुना कंपनीकडेही उरला नव्हता. एका संग्राहकाकडच्या घड्याळावरून हुबेहूब उतरवलंय. हा ठिपका कशासाठी होता, त्यांनाही कळलं नाही. पण मूळ डायलवर होता, म्हणून ठेवलाय." मी फोटो काढून घेतला आणि रिक्षात बसून घरी येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत राहिले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही सांगलीत राहायचो तेव्हा कॉलेजात असताना तो कृष्णेत बुडाला. दिवेलागणीला सापडला. हातात आजोबांचं घड्याळ होतं, त्यांना फौजेतल्या साहेबानं दिलेलं. पाणी जाऊन डायल पार नासली होती. बाबांनी ती इस्लामपुरात रंगवून घेतली आणि पुढं ते घड्याळ स्वतः वापरलं. म्हातारपणी जुनी घड्याळं घेणाऱ्या एका मुंबईवाल्याला एक दिवस देऊनही टाकलं; आता बाबाही नाहीत. ठिपका मी लहानपणापासून बघत आले होते, पण तो कंपनीचाच असेल, असं धरून चालले होते.

आईचं दुखणं वेगळंच. ती सांगते, त्या दिवशी साडेपाचला दादा घरी आला होता. ती भाकऱ्या थापत होती. दारातून "आई, आलो गं" ऐकू आलं, मोरीत पाणी वाजलं, मग सगळं गप्प झालं. परत बाहेर गेला असणार आणि नदीवर गेला असणार. "मी नुसती उठून भाईर आले असते, तर त्याला जाऊ दिला असता व्हय?" हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. तेव्हापासून दार वाजलं की आई पिठाच्या हातानं धावत बाहेर येते. आमच्या घरात करपलेली भाकरी ही रोजचीच गोष्ट आहे, आम्ही त्यावरून तिला चिडवतोही.

ठिपक्याचा छडा लावायचा तर इस्लामपूर गाठायला हवं होतं. आईला एवढंच म्हटलं, "चल, सांगली बघून येऊ." शनिवारी पहाटे निघालो. निघणार असाल तर तुम्हीही पहाटेच निघा. आठ वाजले की महामार्गावर ट्रकांच्या मागे जन्म जातो, आणि फास्टॅगमध्ये पैसे टाकायला विसरू नका. शिरवळला मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, दोघींचं मिळून तीनशेच्या आत.

तिथंच पहिला धक्का बसला. शेजारच्या टेबलावर एक कारखान्यातला साहेब बसला होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आईचा घास हातातच राहिला.

"ह्यो कोन गं? आपलं घड्याळ घालून बसलाय?"

मी बघितलं. लाल ठिपका होता. साहेबानं मनगट झाकून घेतलं आणि घाईनं बिल मागवलं. त्याला वाटलं असणार, म्हातारी घड्याळावर डोळा ठेवून आहे. मग गाडीत मला सगळं सांगावंच लागलं. आई खिडकीबाहेर बघत राहिली. खंबाटकीचा घाट चढून उतरलो. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, तेव्हा म्हणाली, "पाव किलो जास्त घे. त्याला लय आवडायचं."

पेठ नाक्याला डावीकडे वळलं की रस्त्याचं काम दिसतं. धूळ, वळणं आणि उसाच्या ट्रॉल्या. गाडीच्या खालच्या भागाची आशा सोडूनच जा. इस्लामपुरात घड्याळवाले चाचा शोधायला वेळ लागला नाही, पेठेत कुणालाही विचारा. सत्तरी ओलांडलेले, दुकान बंद केलेलं, पण बाहेरच्या खोलीत काचेचा डबा आणि केसाएवढ्या टोकाचे ब्रश अजून मांडलेले. त्यांच्या सुनेनं चहा दिला. मी मोबाईलवरचा फोटो पुढे धरला. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, आणि बराच वेळ काढलंच नाही.

"ह्यो ठिपका माजा हाय," ते म्हणाले.

"कशासाठी घातला होता, चाचा?"

"आमच्या अब्बांची रीत हुती, पोरी. मयताच्या हातातलं घड्याळ रंगवाया आलं, तर काटं काढायच्या आदी बघायचं, तासकाटा कुटं थांबलाय. नव्या रंगावर तितं ठिपका द्यायचा. मानसाची येळ पुसायची न्हाई. पुसली की त्यो मागाया येतो." मग त्यांनी फोटोकडे बोट केलं. "आता किती काढल्यात ही?"

"जगभर विकतायत."

"या अल्ला! म्हंजी ज्येच्या त्येच्या मनगटावर ह्येची येळ चालू हाय?"

आई पुढं सरकली. "चाचा, पाचच्या आदीच हाय न्हवं ठिपका? पन माजं पोरगं साडेपाचला घरला आलं हुतं."

चाचांनी भिंग खाली ठेवलं. "व्हय वैनी. तुमचं मालक हितंच बसलं हुतं. मी म्हनलं, घरात सांगा. तर म्हनले, चाचा, ती म्हनती पोरगं साडेपाचला आलं, आन काटा म्हनतोय त्याच्या आदीच संपलं. मग घरात आलं कोन? ह्ये तिला कसं सांगू, भिऊन मरंल ती."

मला वाटलं, आई आता कोसळणार. चहाचा कप तिच्या हातातून काढून घ्यायला मी हात पुढे केला.

आई बाबांवर चिडली होती. "येडा मानूस! इतकी वर्सं मला जाळत ठिवली, अडवायला त्यो उरलाच कुटं हुता! माजं पोरगं घरला आलं हुतं, त्यात भ्यायचं काय?" आणि मग ती रडली, अगदी मोकळ्यानं. चाचांची सून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. माझी मात्र भीतीनं गाळण उडाली होती, खोटं कशाला सांगू?

सांगलीत बसस्टँडजवळ लॉज घेतला, बाराशेत स्वच्छ खोली. दुसऱ्या दिवशी दुपारी भडंग बांधून घेतलं आणि घाटावर गेलो. पाणी संथ, पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं. आई पायरीवर बसून राहिली. पाच व्हायला आले तेव्हा तिनं एक पेढा पाण्यात सोडला, एक स्वतः खाल्ला, आणि म्हणाली, "चल, चहाची येळ झाली." परतीच्या वाटेवर ती कराडपासून पुण्यापर्यंत गाढ झोपली. गाडीत झोपलेली आई मी प्रथमच बघत होते.

आता लोक विचारतात, कंपनीला कळवलंस का? नाही कळवलं. काय लिहू? ठिपका काढा? आणि त्यांनी खरंच पुसला तर? चाचांचं बोलणं डोक्यातून जात नाही. विमानतळावर, बँकेत, लग्नात, कुणाचंही मनगट दिसलं की माझी नजर आधी चार आणि पाचच्या मध्ये जाते.

तुम्ही जाणार असाल तर दोन दिवस पुरतात. पेढे साताऱ्यात घ्या, भडंग सांगलीत. राहिलेली गोष्ट कालची आहे.

संध्याकाळी मी हॉलमध्ये लॅपटॉपवर हेच लिहीत बसले होते. आई आत भाकऱ्या थापत होती. मला काहीच ऐकू आलं नाही, पण भाकरी थापायचा आवाज थांबला. मी तिच्या धावत येण्याची वाट बघत राहिले. ती आली नाही. आतूनच म्हणाली, अगदी रोजच्यासारखं, "आलास व्हय? हातपाय धू, चहा टाकते."

मी दाराकडे बघितलं. कडी आतून लावलेली होती. उठून मोरीकडे बघायला जायचं धाडस मला झालं नाही. थोड्या वेळानं आई ताट घेऊन बाहेर आली.

भाकरी करपली नव्हती.