छताखालची खाट

भूकंपाला आठ महिने झाले, तरी सुकन्या छताखाली झोपत नव्हती. किल्लारीकडचं तिचं माहेरचं घर त्या पहाटे बसलं, त्यात आई गेली. आता तिला सातवा महिना होता, पाय सुजले होते, बीपी चढलं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी दवाखान्यात पडून राहायला सांगितलं, तर ही दवाखान्याच्या अंगणातल्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसली.

सिस्टर तणतणत बाहेर आल्या. "अहो बाई, सलाईन काय झाडाला टांगू? लेकराच्या जिवावर बेतेल!"

"सलाईन काय झाडाला टांगू?" सुकन्यानं त्यांचाच नाकातला सूर काढला. लेकींसाठी डबे घेऊन आलेल्या आया खुदखुदल्या. नवरा, व्यंकट, मात्र रडकुंडीला आला.

"नकला पुरे कर की गं. हात जोडतो, आत चल."

"मला न्हाई जमत. तुमी औषध आणा जावा."

तो गेला. आयाही आपापल्या लेकींपाशी आत गेल्या. अंगण रिकामं झालं. पोटात बाळ हललं, मग बराच वेळ गप्प राहिलं. सुकन्या घाबरली. आईचा आवाज ती सगळ्यात झकास काढायची, पण भूकंपानंतर एकदाही काढला नव्हता. तिनं घसा खाकरला.

"सुके, किती लाड करून घेतीस? ऊठ. लेकरू उन्हात तळायलंय."

"उठते की, माय."

भिंतीला धरत ती आत गेली, खाटेवर पडली आणि डोळे गच्च मिटले.

"हात सैल सोडा," सुई घेऊन सिस्टर म्हणाल्या.

खाटेची दांडी काही तिच्या मुठीतून सुटेना.