चुंबकाचं कव्हर

आमच्या मोबाइलवरच्या नमाजाच्या ग्रुपची खरी मालकीण म्हणजे शिलाईवाली आपा. वय पंचवीस, पण कुणाचा नमाज चुकला की सासूसारखी झाडायची. नव्या खोलीत गेल्यावर महिन्याभरानं तिनं व्हिडिओ कॉलवर ऐटीत नमाजाची चटई दाखवली.

"फोनच्या होकायंत्रानं किब्ल्याची दिशा लावलीय, बरोब्बर मक्केकडे. काढा चूक!"

ग्रुपातली नवी मुलगी चाचरत म्हणाली, "आपा, तुमच्या फोनचं कव्हर चुंबकाचं आहे ना?"

आपानं कव्हर काढलं. काटा गर्रकन फिरला. म्हणजे महिनाभर ती फ्रिजकडे तोंड करून नमाज पढत होती! आम्ही सगळ्यांनी तोंडात ओढण्या कोंबल्या.

"तरीच डोकं टेकलं की भूक लागायची!" आपानं चटई फिरवली. "अल्लाह मला माफ करेल. पण तुमच्यातली एक जरी हसली, तर मी करणार नाही!"