रुद्राणीची पितळी माळ

लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी धोंडप्पा काविळीनं गेला. गंजगोलाईच्या एका रस्त्यावर त्याचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं, महादेवप्पाचं, मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. महादेवप्पा पुढं खुर्ची टाकून गिऱ्हाइकाशी बोलायचा, धोंडप्पा मागं पोत्यावर बसून गाड्या खोलायचा. माझं सुतळी-दोरखंडाचं दुकान बरोबर समोर, त्यामुळं दोघंही दिवसभर माझ्या नजरेसमोर असत. धोंडप्पाला विडी नाही, तंबाखू नाही. दारूचा तर त्याला वाससुद्धा सोसत नसे. पिऊन आलेल्या माणसाची गाडी तो त्या दिवशी हातातच घेत नसे. "उद्या ये, शुद्धीत ये," एवढंच म्हणायचा.

त्याची बायको रुद्राणी लोह्याकडची. अंगानं बारीक, बोलायला कमी. मूलबाळ नव्हतं. धोंडप्पा संध्याकाळी बंद पडलेल्या गाड्यांचे कार्बोरेटर पिशवीत घालून घरी न्यायचा, आणि अंगणात, चुलीपासून लांब, दोघं समोरासमोर बसून ते साफ करायची. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मापात पाजणारा मुठीएवढा भाग. त्याच्या पोटात पितळेचे जेट असतात. ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे, मधोमध केसाएवढं भोक. त्या भोकात कचरा बसला की गाडी बसली. "तार घालायची न्हाई," धोंडप्पा तिला सांगायचा. "तारेनं भोक मोठं व्हतं. मग गाडी नुसतं पेट्रोल पिती अन् काळा धूर वकती." तो टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचे केस मागून आणायचा आणि ते जेटातून ओवायचा. रुद्राणीची बोटं त्याच्याहून बारीक होती. दोन-तीन वर्षांत ते काम तिचंच झालं.

धोंडप्पाचे दिवस झाले आणि महादेवप्पानं तिला सांगितलं, "तू आता लोह्याला जा. दुकानात बाईमाणसाचं काय काम?"

ती गेली नाही. मग बाजारात एक बोलणं सुरू झालं. धोंडप्पा काविळीनं नाही, दारूनं गेला. लपून प्यायचा. दुकान त्यानंच बुडवलं, थोरल्यानं सावरलं. हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. खुर्चीवर बसून महादेवप्पा उसासा टाकून सांगायचा, "काय करावं, धाकटा भाऊ होता. झाकून ठेवलं इतके दिवस." काविळीनं पिवळा पडलेला माणूस लोकांनी पाहिला होता, पिवळा पडला म्हणजे प्यायलाच असणार, असं लोक म्हणू लागले. वाट्याचं बोलायला माहेरहून रुद्राणीचा भाऊ आला, तर त्यालाही हेच ऐकवून परत पाठवलं.

रुद्राणी त्या दिवशी भर दुपारी महादेवप्पाच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, दुकान ठेवा तुमाला," ती म्हणाली. "ते पेत होते का? तेवढं सांगा."

महादेवप्पा गिऱ्हाइकाकडं बघून हसला. "घरी जा, बाई. रस्त्यात तमाशा नको."

ती वळली. माझ्या दुकानाच्या बाजूला पत्र्याची एक मोडकी टपरी रिकामी पडली होती. ती माझीच होती. तिनं मला विचारलं, "काका, ही टपरी भाड्यानं देता का?" मी विचारलं, काय करणार? ती म्हणाली, "समोरच्या दुकानातल्या गाड्या इकडं आणणार."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलली. दोन दिवसांनी ती पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटीत धोंडप्पाचे पाने, पेचकस, एक जुना टूथब्रश, सायकलचा पंप, आणि कापडात गुंडाळलेले काही नवे जेट. टपरीच्या दारावर तिनं खडूनं लिहून घेतलं: इथे फक्त कार्बोरेटर साफ होतील.

बाईच्या हातात गाडी कोण देणार? पहिले काही महिने लोक नुसते बघायला थांबायचे. ती रिकामी बसायची आणि समोर बघायची. पापणी न लवता बघायची. महादेवप्पानं शेवटी आपली खुर्ची तोंड फिरवून मांडली.

मग दुष्काळ आला. विहिरी खरवडल्या गेल्या, बोअरमधून नुसती हवा यायला लागली, रस्त्यावर टँकरच टँकर. नव्या जिल्ह्याची नवी ऑफिसं, त्यांची माणसं जुन्या मोटारसायकली घेऊन गावोगाव फिरत होती आणि धुळीनं माखून परत येत होती. धूळ गाडीच्या नाकातोंडात जायची. शिवाय कित्येक गाड्या महिनोनमहिने उभ्याच राहिल्या. आतलं पेट्रोल उन्हानं आटून डिंकासारखं चिकट व्हायचं आणि जेटात बसायचं.

चाकूरचा दूधवाला मलप्पा हा तिचं पहिलं खरं गिऱ्हाईक. त्याची जुनी राजदूत होती. जनावरं चाऱ्यावाचून विकावी लागली, दूध थांबलं, गाडी उभी राहिली. दोन म्हशी कशाबशा परत आणल्यावर बघतो तर गाडी चालू होईना. महादेवप्पाकडं चकरा मारून झाल्या. तिथून गाडी चालू होऊन निघायची आणि गावाबाहेर गेली की धूर ओकत थांबायची. कॅनमधलं दूध उन्हात फाटायचं. एक दिवस तो चिडून गाडी ढकलत रस्ता ओलांडून इकडं आला.

"बाई, जमतंय का बघा. न्हाई जमलं तर भंगारात घालतो."

तिनं कार्बोरेटर उतरवला, खालची वाटी उघडली. वाटीत गंजाचा लाल गाळ. ब्रशनं घासलं, पेट्रोलमधे धुतलं, पंपानं फुंकलं. मग जेट काढून तिनं उन्हाकडं धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला.

"काय झालं?" मलप्पानं विचारलं.

"तार घातलीय ह्याच्यात," ती म्हणाली. आवाजात चक्क आनंद होता. "भोक हे एवढं झालंय. बघा, तुमीच बघा."

तिनं कापडातला नवा जेट काढून बसवला. टाकी उतरवून त्यात रॉकेल आणि मूठभर नट घातले आणि मलप्पाला म्हणाली, हालवा. तो घामाघूम होईपर्यंत टाकी हालवत राहिला. आतला गंज निघाला. गाडी दुसऱ्या किकला पेटली आणि धूर न टाकता चाकूरला पोचली. मलप्पानं ते दूध घालता घालता घरोघर सांगितलं.

खराब झालेला तो जेट रुद्राणीनं फेकला नाही. माझ्याकडून सुतळी मागितली, त्यात जेट ओवला आणि टपरीच्या दारावर टांगला. त्यानंतर जी गाडी समोरच्या दुकानातून नासून इकडं आली, तिचा जेट त्या सुतळीत गेला. बघता बघता पितळेची माळ झाली. उन्हात चमकायची. नवा माणूस विचारायचा, "बाई, ही कसली माळ?" ती समोर बोट दाखवायची, "माझ्या भावजींची. त्यांनी मारलेल्या गाड्या हायत."

लोक हसायचे. मीही हसायचो. महादेवप्पा ते हसणं ऐकायचा.

एक दिवस तो रस्ता ओलांडून आला आणि त्यानं माळ ओरबाडून काढली. सुतळी तुटली, जेट रस्त्यावर सांडले, टांग्याच्या चाकाखाली गेले. रुद्राणीनं पदर खोचला, खाली बसली आणि एकेक जेट वेचला. गटारातलासुद्धा. धुऊन, पुसून परत ओवले. दुसऱ्या दिवशी माळ दारावर होती, आणि या वेळी सुतळीऐवजी क्लचची तार होती.

धोंडप्पाच्या जागी महादेवप्पानं ठेवलेला नोकर गुरुबसप्पा काम सोडून नांदेडला गेला. बोलणारा मालक उरला, खोलणारा हात उरला नाही. रुद्राणीच्या टपरीपुढं गाड्यांची रांग लागायची, आणि समोर महादेवप्पाची एकटी जुनी बुलेट उभी असायची. तिच्याही जेटात तार गेलेली होती. भर बाजारात ती बंद पडायची आणि तो तिला ढकलत न्यायचा. तेव्हा रुद्राणी हातातलं काम थांबवून, तो नजरेआड होईपर्यंत बघत राहायची. मी एकदा म्हटलं, "झालं की आता. पुरे कर." ती म्हणाली, "काका, तुमच्या माणसाला कुणी मेल्यावर दारुड्या म्हनलं का?"

मग एका सकाळी महादेवप्पा बुलेट ढकलत तिच्या दारात आला. त्याची मुलगी शिवकांता लग्नाची होती. उदगीरचं स्थळ आलं होतं, व्यापारी घर, पोरगा चांगला. सगळं ठरत आलं होतं. पण त्यांनी चौकशी केली, आणि लातूरच्या बाजारात त्यांना जे ऐकायला मिळालं ते महादेवप्पानंच पेरलेलं होतं: चुलता दारूनं मेला. उदगीरकर अडून बसले. ज्या घरात दारू आहे तिथली पोरगी नको. महादेवप्पानं शपथा घेतल्या, की भाऊ पीत नव्हता. ते म्हणाले, मग त्याच्या विधवेला बोलू द्या.

"गाडी जरा बघ," महादेवप्पा म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "आन उद्या उदगीरची माणसं येऊन राहिली. त्यांना एवढं सांग, की धोंडप्पा... म्हंजी, तो पेत नव्हता म्हणून."

रुद्राणीनं हात पुसले. सावकाश पुसले.

"मी काऊन सांगू? मला कुणी इचारलं व्हतं का? ज्यानं सांगितलं त्यानंच परत घ्यावं. उद्या ते लोक आले की त्यांना इथं आणा. ह्या रस्त्यावर. अन् तुमच्या तोंडानं सांगा. मी खोटं बोललो म्हणून सांगा."

"रुद्राणी, पोरीचं लगीन हाय."

"मला ठावं हाय."

"तुझी पुतणी हाय ती. तुझ्या मांडीवर खेळलेली."

"हाव," ती म्हणाली. "हाय."

दुसऱ्या दिवशी उदगीरचे दोघं आले. म्हातारा बाप आणि त्याचा भाऊ. दुकानदार, हमाल, गिऱ्हाइकं, सगळा रस्ता थबकला. महादेवप्पा बोलायला लागला, पण आवाज निघेना. रुद्राणी म्हणाली, "ऐकू येईना, भावजी." त्यानं खाकरलं आणि मोठ्यानं सांगितलं, की धोंडप्पानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. तो काविळीनं गेला. दारूचं मी उठवलं. दुकानासाठी उठवलं.

रुद्राणीनं डोळे मिटले. तिच्या गळ्यातल्या लिंगाला तिनं पदराआडून हात लावला. मला वाटलं रडेल. रडली नाही. पेचकस उचलला आणि सगळ्यांसमोर बुलेटचा कार्बोरेटर खोलला. वाटी धुतली, केस ओवला, फुंकला, जुना जेट काढून नवा घातला. महादेवप्पाला एक किक मारायला लावली. गाडी संथ धडधडत चालू झाली. तिनं पैसे घेतले नाहीत. "माझ्या माणसानं बसवलेलं इंजिन हाय," एवढं म्हणाली. काढलेला जेट तिनं माळेत ओवला.

उदगीरचा म्हातारा सगळं बघत होता. तो महादेवप्पाला म्हणाला, "दारूचं खोटं निघालं, बरं झालं. पण मेलेल्या सख्ख्या भावावर असं उठवणाऱ्याशी आम्ही सोयरीक कशी करावी?" दोघं उठून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

हे असं होणार हे रुद्राणीला माहीत होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटतं, माहीत होतं. आदल्या दिवशीचं तिचं ते "मला ठावं हाय" माझ्या कानात आहे.

चार दिवसांनी शिवकांता टपरीवर आली. पोरीचे डोळे सुजलेले. "काकी, तुमचं भांडण बाबांशी व्हतं. माझं काय चुकलं?" रुद्राणी कार्बोरेटरमधली पितळी सुई पेट्रोलमधे बुचकळत राहिली. पुन्हा पुन्हा तीच सुई. शिवकांता निघून गेली. त्या दिवशी रुद्राणीनं टपरी दुपारीच बंद केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

शिवकांताचं लग्न पुढं अर्धापूरकडं एका केळीवाल्या घरात झालं. बरं चाललं म्हणतात. तिनं चुलतीला बोलावलं नाही. महादेवप्पाचं दुकान त्यानंतर वर्षभर रखडलं आणि बंद झालं. तिथं आता चपलांचं दुकान आहे. पाऊसही परत आला, पण रुद्राणीकडची गाड्यांची रांग काही हटली नाही.

काही वर्षांनी महादेवप्पा वारला. गल्लीतली सगळी दुकानं बंद राहिली, माझंही. रुद्राणीची टपरी उघडी होती. जाऊ कस्तुराबाईनं निरोप पाठवला होता, "झालं गेलं ते झालं, ये." मीही तिला सांगायला गेलो.

"माणूस गेला, रुद्राणी. आता तरी दार ओढ."

"माझे गेले तवा ह्यांनी कुठं ओढलं?" ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दुकान उघडं व्हतं. मी घरातून ऐकत व्हते ठोकाठोकी."

मातीला जाणारी माणसं समोरून गेली. मागून बायका, त्यांच्यात शिवकांता, कडेवर लेकरू. तिला बघून रुद्राणी एकदम उभी राहिली. हात पेट्रोलनं ओले, कोपरापर्यंत काळे. शिवकांतानं मान वळवली नाही. बायका पुढं गेल्या, रस्ता मोकळा झाला. रुद्राणी थोडा वेळ तशीच उभी होती. मग खाली बसली आणि कुणाच्या तरी जावा मोटारसायकलचा कार्बोरेटर मांडीवर घेऊन खोलायला लागली.