जावईबापूंना पाहिजे खडी!

आमच्या घरात ‘खडी’ हा शब्द उच्चारायला बंदी आहे. अगदीच अडलं तर ‘बारीक दगड’ म्हणायचं. ही बंदी माझ्या बायकोने घातलेली नाही, मी घातली आहे. बायकोला तर तो शब्द आताशा फार गोड लागतो! तिला तो गोड का लागतो, तेच तर सांगायचं आहे.

आमची लेक सोनाली इंग्लंडला असते. जावई अमेय पुण्याचे. नाताळच्या सुट्टीत दोघं आली, की सुट्टी पुण्याला आणि चहापाणी मंचरला, असा दरवर्षीचा हिशेब. त्यात जावयांचा काही दोष नाही. मंचरमध्ये माणसाने बघायचं काय? कांदा, बटाटा आणि हायवेवरचे ट्रक! पहिल्या दिवशी ते कांदा बघत, दुसऱ्या दिवशी बटाटा, आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरत.

या वेळी सुमनने (म्हणजे माझ्या बायकोने) मला स्वयंपाकघरात गाठून सुनावलं, “अहो, जावई रमले तर लेक राहील. नाही रमले, तर परवा निघाली म्हणून समजा. काहीतरी करा.”

“मी काय करू? नाचू?”

“तुमच्या नाचण्याने आजच जातील.”

पण देव माझ्या बाजूने होता. जावयांनी या वेळी विमानातून सायकल आणली होती! खोक्यातून एकेक भाग काढून ती अंगणात जोडली, आणि म्हणाले, “बाबा, ही ग्रॅव्हल बाइक. तिकडे मी दर रविवारी हिच्यावरून खेड्यापाड्यांत भटकतो.”

मग त्यांनी मोबाइलवर इंग्लंडची खेडी दाखवली. हिरवी कुंपणं, मेंढ्या, जुन्या काळी घोड्यांसाठी राखलेल्या वाटा, वाटेत लाकडी फाटकं. फाटक उघडायचं, सायकल पलीकडे न्यायची, फाटक पुन्हा लावायचं. आणि त्या वाटा कसल्या? खडीच्या! लोक खास त्यासाठी वेगळी सायकल घेतात, वेगळी चड्डी घेतात, आणि डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीवरून जातात!

माझा ऊर भरून आला. म्हटलं, “जावईबापू, एवढंच ना? तुमच्याकडे असल्या रस्त्यांचे नकाशे काढावे लागतात. आमच्याकडे डांबरी रस्त्याची चौकशी करा, आपोआप खडीवर येऊन पोचता!”

जावई हसले. सुमनने दारातून मला डोळ्यांनीच शाबासकी दिली. लग्नानंतर बहुधा पहिलीच.

मी ताबडतोब धोंडूभाऊंना फोन लावला. धोंडूभाऊ तिकडे डोंगरात, आहुप्याच्या अलीकडच्या वाडीवर राहतात. माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, त्यातून आमची दोस्ती. त्यांच्या वाडीवर फोनची रेंज एका उंबराखालीच येते, आणि वारा सुटला की तीही जाते.

“धोंडूभाऊ, आमच्या जावयांना सायकलीवरून खडीची वाट दाखवायची आहे!”

“कशी वाट?” फोनमध्ये वारा घोंगावत होता.

“खडी! खडी...ची!”

“खडी व्हय? पावणं जवान हाय ना?”

“एकदम तरणाबांड! इंग्लंडात दर रविवारी खडीवरच असतो!”

“आरं तिच्यायला! लहान खडी चालंल का मोठी पायजे?”

“मोठीच दाखवा! डांबर अजिबात नको!”

“डांबर? राव, तिथं डांबर ठरनारच न्हाई!” धोंडूभाऊ खदाखदा हसले. “या तुमी. अशी खडी दावतो, पावणं जलमात इसरायचं न्हाईत!”

मी छाती फुगवून फोन ठेवला. आमचं दोघांचं एका अक्षराबद्दलही दुमत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पिकअपमध्ये सायकली चढवल्या. एक जावयांची, बोटाने उचलावी अशी. दुसरी माझी. माझी म्हणजे आमच्या दूधवाल्याची, काळी, भक्कम, दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे आकडे असलेली. (जावई एकटे कसे जातील? सासऱ्याने सोबत नको का? शिवाय जावयांच्या चड्डीसारखी चड्डी मला सुमनने घालू दिली नाही, यातच सगळ्यांचं भलं झालं.)

घोडेगाव गेलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी मागे पडलं, आणि धोंडूभाऊंच्या वाडीवर आम्ही उतरलो. भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती. वाडीजवळून लाल, खडीचा, सुंदर रस्ता वळणं घेत डोंगराला वळसा घालून चालला होता. जावयांचे डोळे लकाकले. “बाबा, क्या बात है!”

“जावईबापू, ही तर सुरुवात आहे!” मी म्हणालो. (इथे माझी जीभ झडली असती तरी चाललं असतं.)

थोडं अंतर गेलो, तोच पुढे चालणाऱ्या धोंडूभाऊंनी आम्हाला रस्ता सोडून आडवाटेला वळवलं. वाटेत एका शेताच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांची झाप, म्हणजे आमच्याकडचं फाटक, लावलेली. जावयांनी इंग्लंडच्या शिस्तीने ती उघडली, आम्हाला पलीकडे घेतलं, आणि नीट लावायला गेले, तर झापच त्यांना लागली! शर्ट, मोजे, कान, सगळं अडकलं. धोंडूभाऊंनी काटा काटा करून पाहुणा सोडवला.

“तिकडल्या फाटकाला काटं नसत्यात व्हय?”

“नसतात,” जावई कण्हत म्हणाले.

“मंग गुरं आडत्यात कशी?”

जावई मोज्यातला काटा उपसू लागले.

शेत ओलांडल्यावर धोंडूभाऊ थांबले. “ही बगा. लागली खडी.”

मी खाली बघितलं. गवत. “कुठंय?”

“ही काय, तुमच्या नाकाम्होरं!”

मी मान वर केली. आणखी वर केली. टोपी पडली. समोर कातळाचा उभा दांड होता, त्याला मधेमधे पाय ठेवायला खोबण्या होत्या, आणि धोंडूभाऊंचं बोट जिथे रोखलं होतं, तिथे आपण पोरांना चांदोबा दाखवतो.

“धोंडूभाऊ, इथून शेळ्या तरी जातात का हो?”

“छ्या! शेळ्या रस्त्यानं जात्यात. त्यास्नी अक्कल असती.”

आता परत फिरावं, तर जावयांसमोर तोंड काय दाखवणार? आणि घरी गेल्यावर सुमनला कुठलंच दाखवता आलं नसतं. मी जावयांकडे बघितलं. ते घाबरले असते तर मी लगेच मोठ्या मनाने माघार घेतली असती. पण त्यांनी शांतपणे सायकल खांद्यावर टाकली. “चालतं बाबा. तिकडेही कधीकधी उचलावी लागते.”

मेले ते इंग्रज!

मीही दूधवाल्याची सायकल खांद्यावर घ्यायला गेलो. सायकल जागची हलली नाही, खांदा हलला. शेवटी धोंडूभाऊंनी ती डोक्यावर घेतली, आणि मला सांगितलं, “तुमी मागनं आकडा धरून या.” असा मी सायकलीला लोंबकळत डोंगर चढू लागलो. दुधाचा कॅनदेखील माझ्यापेक्षा दिमाखात जात असेल!

अर्ध्यात आलो. सगळी वाट स्वच्छ कातळाची होती. सुटे बारीक दगड म्हणाल, तर एकाच जागी मूठभर पडलेले. ज्या खडीसाठी एवढा खटाटोप केला, ती सबंध डोंगरावर तेवढीच होती. तिच्यावर माझा पाय पडला.

पुढचा प्रवास मी बसून केला. खाली, आणि वेगात! करवंदीच्या जाळीने मला झेललं तेव्हा उजवा पाय भलत्याच दिशेला बघत होता.

वाडी गोळा झाली. बांबू आला, घोंगडी आली, त्यांची डोली झाली, डोलीत मी झालो. वाटेत एका म्हातारीने विचारलं, “कोन गेलं गं बाय?”

“गेलं न्हाई, पडलं. मंचरचं पावणं.”

“लई म्हातारं व्हतं का?”

“म्हातारं कुठलं! सासरा हाय नुसता.”

डोलीशेजारून चालणाऱ्या धोंडूभाऊंना मी विव्हळत विचारलं, “अहो, असल्या कड्यावर नेलंत कशाला?”

“तुमीच म्हनला, खडी वाट पायजे! मोठी पायजे! हिच्याहून खडी आमच्याकडं न्हाई, राव.”

“खडी म्हणजे दगडाची खडी, धोंडूभाऊ! रस्त्यावरची!”

धोंडूभाऊ मधेच थांबले, डोली थांबली, माझं कण्हणंही थांबलं. “ती खडी व्हय? आरं देवा! ती तर दारातनं जाती! ती बघायला इंग्लंडवरनं कोन येतंय?”

कोण येतंय ते तेवढ्यात शेजारून गेलंच. डोली अर्थातच शहाण्या माणसांच्या, म्हणजे शेळ्यांच्या, त्याच लाल रस्त्याने निघाली होती, आणि जावई खडीवरून सायकल उडवत डोलीला प्रदक्षिणा घालत होते. “बाबा, हाच! अगदी हाच रस्ता पाहिजे होता! तुम्हाला दिसतोय का?” मला आकाश दिसत होतं.

घरी मला उचलून आत आणलं. सुमन धावत आली. “अगं बाई! जावईबापूंना लागलं नाही ना कुठे?”

डॉक्टरांनी प्लॅस्टर घालून हलायचं नाही अशी ताकीद दिली. सोनाली माझ्या उशाशी बसली आणि डोळे पुसत म्हणाली, “बाबांना असं टाकून मी कशी जाऊ? सुट्टी संपेपर्यंत इथेच राहते.” जावई म्हणाले, “राहूया की! उद्या खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींकडचे शेतरस्ते बघतो, परवा पुन्हा धोंडूभाऊंकडे.”

सगळी सुट्टी घर भरलेलं होतं. पुरणपोळ्या झाल्या, मासवडी झाली, मायलेकी मध्यरात्रीपर्यंत खिदळायच्या, जावई संध्याकाळी लाल मातीने माखून यायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. मी पाय उशीवर ठेवून पलंगावरून वास घेत होतो. (पडून राहणाऱ्याला पचायला हलकं द्या, असं डॉक्टर म्हणाले होते.)

शेवटी मंडळी गेली. सुमन हळदीचं दूध घेऊन आली, कितीतरी वर्षांनी माझ्या केसांवरून हात फिरवला, आणि लाडाने म्हणाली, “अहो, पुढच्या वर्षी पोरं आल्या आल्याच पडा हं. यंदा पहिले दोन दिवस उगीच वाया गेले.”