मेहिटेबलबाईंनी शाळा राखली

मेहिटेबल क्रॉस या मूळच्या गिरणीत माग चालवणाऱ्या. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात बाईमाणसाला रसायन कोण शिकवणार? फिरते व्याख्याते गावात आले की बाई दाराशी उभं राहून ऐकायच्या. लग्न केलं नाही, पोटाला चिमटा काढून काचेच्या बरण्या-नळ्या जमवल्या आणि आमच्या गावात मुलींची शाळा काढली. लोक फिदीफिदी हसले. "पोरींना हवा शिकवणार म्हणे. म्हणजे भाकरी कोण भाजणार?"

बाईंचा शिरस्ता एकच. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, नाहीतर 'मी पाहिलं नाही' म्हणून गप्प बसायचं.

वर्षाअखेरीस चर्चमध्ये साऱ्या गावापुढे परीक्षा व्हायची. कुणीही उठावं आणि पोरींना काहीही विचारावं. शाळा पुढे चालवायची की नाही, तेही तिथंच ठरायचं. त्या साली बाईंनी टॅमसिनला पुढे केलं. पोर अनाथ, पण बाईंचा तिच्यावर भारी जीव. तिने विझत आलेली काडी प्राणवायू भरलेल्या बरणीत धरली, ती भडकन पेटली. लोक चकितच झाले.

मग चर्चचे कारभारी एल्कानाह स्टोन उठले. आमच्या गावात त्यांच्या खोकल्यालाही लोक घाबरायचे. "छान. ही हवा देवानंच केली ना गं?"

"मी पाहिलं नाही, साहेब," टॅमसिन म्हणाली.

क्षणभर बाईंना धन्य वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलंच. मग त्यांनी लोकांचे ताठरलेले चेहरे पाहिले.

"बाई, ही तुमची शिकवण, की पोरीचा उद्धटपणा?" एल्कानाहनी शांतपणे विचारलं. "शिकवण असेल तर शाळेला आजच कुलूप. उद्धटपणा असेल, तर तो इथंच उतरवा."

टॅमसिन बाईंकडे बघत होती, अगदी निर्धास्त.

"उद्धटपणाच," बाई म्हणाल्या. "हात पुढे कर."

"पण बाई, तुम्हीच तर..."

"वर तोंड करून बोलतेस?"

बाईंनी रूळ उचलला. तळहात फुटला तेव्हा त्या थांबल्या. "अजून," एल्कानाह म्हणाले. बाईंनी अजून मारलं.

शाळा राहिली. सोमवारी बाईंनी पुन्हा काडी पेटवून दाखवली आणि टॅमसिनला हळूच विचारलं, "काय दिसलं, बाळ?"

टॅमसिनने चिंधी बांधलेला हात मांडीवर घेतला. "काय दिसायला हवंय, बाई?"