एका डब्याच्या झाकणासाठी

घर दणाणून सोडायला स्पीकर घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. आवाज चालू आहे हे कोणाला कळूच नये म्हणून स्पीकरची पेटी बांधणारा माणूस मात्र एकच असावा, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो आणि तेही मला साडूभाऊच म्हणतात, त्यामुळे आमचं बोलणं बाहेरच्या खोलीतून ऐकणाऱ्याला एकच माणूस स्वतःशी वाद घालतोय असं वाटतं. जन्म भंडाऱ्याकडचा, नोकरी सगळी भिलाईच्या कारखान्यात, रूळ तयार होतात त्या मिलमध्ये. तिथे लालबुंद रूळ कापताना तो थंड झाल्यावर आखडणार हे धरून आधीच थोडा लांब कापतात. साडूभाऊंनी हा नियम घरीसुद्धा बत्तीस वर्षं पाळला. पाच माणसं जेवायला येणार असली की सातांचा स्वयंपाक सांगायचे, लग्नाला मुहूर्ताच्या दीड तास आधी जाऊन रिकाम्या मांडवात बसायचे, आणि शिंप्याकडे स्वतःचं पोट फुगवून उभे राहायचे. कोणी हसलंच तर शांतपणे सांगायचे, "थोडं गरम माप द्या लागते, साडूभाऊ. थंड झालं का आखडते."

रिटायर झाले तसं सेक्टरमधलं, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतलं, क्वार्टर सोडावं लागलं आणि ते दोघं कारखान्यापासून लांब जुनवानीला, स्वतः बांधलेल्या घरात राहायला गेले. घर झकास आहे, पुढे जाई आहे, मागे ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, हौसेने लावलेला लिंबू आहे. पण पहिल्या आठवड्यापासूनच ताईंची झोप उडाली. ज्या बाईला दुपारी भांडी आवरून नुसतं आडवं व्हायचा अवकाश की डोळा लागायचा, ती आता तासन्‌तास छताकडे बघत पडून राहू लागली. डॉक्टरच्या गोळ्यांनी झोप आली नाही, नुसतं डोकं जड व्हायचं. त्या वाळत चालल्या होत्या. "इथं लय शांत आहे. कान उघडेच राह्यतात माहे," असं म्हणायच्या, आणि पुढे पुढे तर एकच धोशा लावला, की हे घर मले आपलं म्हनत नाही, विकून टाका अन् पोराकडे पुन्याले चला. भिलाई सोडायची या कल्पनेने साडूभाऊंचा चेहरा कसा होत असे ते मी पाहिलं आहे.

आणि नेमकं याच दिवसांत त्यांना सबवूफरच्या पेटीचं वेड लागावं! सबवूफर म्हणजे खर्जातला जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर. त्याची साधी बंद पेटी त्यांना नको होती. पुढच्या फळीला गोल भोक आणि त्यातून आत गेलेली नळी, अशी पोर्टवाली पेटी हवी होती, जी त्या नळीतून श्वास घेते. पेटी केवढी, नळी किती रुंद, किती लांब, यावर पेटी कुठल्या सुरात घुमणार ते ठरतं, आणि हा हिशेब करून देणारे कॅलक्युलेटर इंटरनेटवर सापडतात. माणसाने आकडे भरावेत, बटण दाबावं आणि मोकळं व्हावं. साडूभाऊ मोकळे होणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी सात कॅलक्युलेटर धरले होते आणि सातांनाही तेच विचारायचे. तेवढ्यावर समाधान होईना म्हणून एकेकाला तोच प्रश्न पहिल्या पाळीत आणि पुन्हा दुसऱ्या पाळीत घालायचे. "मशीन बी थकते ना, साडूभाऊ. सकाळचं उत्तर अन् चारनंतरचं उत्तर जुळलं पायजे." ते जुळायचंच. मग त्याची नोंद लांबलचक रजिस्टरमध्ये, खाली "चार्ज दिला" आणि "चार्ज घेतला" अशा दोन सह्या, दोन्ही त्यांच्याच. एका कॅलक्युलेटरवर त्यांचा राग होता, कारण तो आकडा टाकताक्षणी उत्तर देऊन मोकळा व्हायचा. "विचारच करत नाही लेकाचा." दुसरा होता तो फिरतं चक्र दाखवत रेंगाळायचा, त्याच्यावर फार जीव. नळी एका सेंटिमीटरने वाढवायची, डोळे मिटायचे आणि न बांधलेली पेटी मनातल्या मनात ऐकत बसायचं, हा त्यांचा दुपारचा उद्योग. खिडकीतून जाईचा वास येई, हातातला चहा निवून जाई, मान हळूहळू डुलायला लागे. आणि पलीकडच्या खोलीत ताई डोळे टक्क उघडे ठेवून पडलेल्या. मला तेव्हा या माणसाचा खरोखर संताप आला होता.

मी अजून नोकरीत आहे, म्हणून अजून सेक्टरमध्येच राहतो, त्यांच्या जुन्या क्वार्टरपासून दोन गल्ल्या सोडून. एकदा साडूभाऊ भर दुपारी स्कूटरवरून आले, चहा नको म्हणाले, तडक आमच्या स्वयंपाकघरात शिरले, ओट्यावर मोबाइल उपडा ठेवला आणि भिंतीला कान लावून उभे राहिले. माझी बायको पोळ्या लाटत होती, तिला हातानेच थांबवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मात्र तिने लाटणं आपटलं.

"भाऊजी, कावून असं करून राहिले तुमी? तिकडं ताईले झोप नाही, अन् तुमी इथं आमची भिंत ऐकून राहिले?"

"तिच्या झोपेसाठीच येऊन राहिलो, बाई," ते म्हणाले. भिंतीवरचा कान काही त्यांनी काढला नाही. "ऐका. काय ऐकू येते?"

आम्ही ऐकलं. काहीच नव्हतं.

"तेच. प्लांटची गुंज आहे ही. चोवीस तास जमिनीतून येते, म्हनून तुमाले ऐकू येत नाही. आमच्या मांडणीवर पोह्याचा डबा होता पाहा, त्याचं झाकण बत्तीस वर्षं हिच्यानं वाजत होतं. मी नाईट करून दुपारी झोपलो का तुमची ताई त्याच्यावर लोखंडी खलबत्ता ठेवे, मले जाग येऊ नये म्हनून. जुनवानीत ते झाकण मुकं झालं. तिचं काय हरवलं ते तिलेच माहीत नाही."

"मग तिले सांगितलं कावून नाही?" बायकोचा आवाज एकदम खाली आला होता.

"सांगितलं अन् जमलं नाही तर? आता घरावर रुसली आहे, मंग माझ्यावर रुसन."

मोबाइलमधल्या कंपनं मोजणाऱ्या ॲपने सेकंदाला एकतीस कंपनं दाखवली. साडूभाऊंनी आकडा तळहातावर लिहिला आणि गेले. पोळी तव्यावर करपली, ती आम्ही दोघांनी वाटून खाल्ली. मला माझ्या संतापाची लाज वाटली.

सात कॅलक्युलेटरांनी, दोन्ही पाळ्यांत, एकमताने पेटीचं माप दिलं. ते घेऊन आम्ही कॅम्प-१ वस्तीतल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे गेलो. प्लायवूडवर पेन्सिल टेकवून त्याने कागद पाहिला.

"साहब, कागज में छत्तीस सेंटीमीटर लिखे हो, अउ मुँह से सैंतीस बोलथो."

"थोड़ा गरम माप दो. ठंडा होके सिकुड़ेगा."

प्लाय कशाला आखडेल, या कोड्यात पडून सुताराने पेन्सिल कानावर ठेवली. "प्लाई हे साहब, लोहा नोहय. ये काबर सिकुड़ही?"

साडूभाऊंनी प्लायवर बोटाने टकटक करून पाहिलं. त्यांनाही पटलं होतं, हे मला दिसत होतं. पण बत्तीस वर्षांचा हात थोडाच ऐकतो? "फिर भी," ते म्हणाले. सुताराने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि सदतीसवर कापलं. इतक्या दिवसांचा हिशेब त्या एका सेंटिमीटरपायी मातीत गेला, असं मी मनात म्हटलं.

पेटी तयार होऊन मांडणीखाली गेली. तिच्यावर टेबलक्लॉथ घातला, वर तुळशीची कुंडी ठेवली. ताईंना वाटलं, नवीन स्टूल आहे. त्या दिवशी दुपारी त्या आत पडल्या होत्या आणि साडूभाऊ, माझी बायको आणि मी स्वयंपाकघरात चोरासारखे उभे. साडूभाऊंनी मोबाइलवरून एकतीसचा सूर लावला. डब्याचं झाकण ढिम्म. त्यांनी नळीसमोर तळहात धरला, पेटी श्वास घेत होती, पण झाकण हलेना. त्यांचा चेहरा पार उतरला. मग त्यांनी बोटाने सूर हळूहळू खाली आणायला सुरुवात केली. तीस झाले. तिसाच्या जरासा खाली गेला, तेव्हा झाकणाने एकदा टक केलं, आणि मग बारीक, एकसारखं किणकिणू लागलं. पेटी मोठी झाली होती, म्हणून तिचा सूर उतरला होता, आणि या घरातल्या मांडणीवर झाकणाला तोच हवा होता. भांड्यांवर पडलेलं ऊनसुद्धा मला किंचित थरथरल्यासारखं वाटलं.

आतून ताईंचा आवाज आला. जड, पेंगुळलेला, थोडा चिडका.

"कोनीतरी त्या झाकणावर खलबत्ता ठेवा गं. ह्यांची नाईट झाली आहे, झोपू द्या त्यांले."

आम्ही दाराशी गेलो. ताई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. साडूभाऊंनी खरोखरच खलबत्ता उचलला होता. तो दोन्ही हातांनी छातीशी धरून ते मांडणीपाशी उभे राहिले आणि ढसाढसा, पण आवाज न करता रडले. झाकणावर त्यांनी तो ठेवला नाही. ताई पार दिवेलागणीला उठल्या आणि चहा मागितला. "म्हनलं होतं ना, गरम माप द्या लागते," एवढंच ते माझ्या कानात म्हणाले.

पुण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. ताईंना अजूनही ते स्टूलच वाटतं. साडूभाऊंनी रजिस्टरमध्ये आता माझ्या नावाचं पान उघडलं आहे, कारण क्वार्टर सोडायला मला दोनच वर्षं उरली आहेत. "तुमच्याकडं काय वाजते ते आत्ताच पाहून ठेवा, साडूभाऊ," असं बजावलं आहे. परवा दुपारी मी ओट्यावर तळहात टेकवून नुसताच उभा होतो. बायको आली, काय करताय म्हणून तिने विचारलं नाही. पीठ लागलेला हात तिने माझ्या हाताशेजारी टेकवला, आणि आम्ही बराच वेळ तसेच उभे राहिलो.