किल्ल्या स्वच्छ

कारखान्यात तिला सगळे कानबाई म्हणत. हे नाव थोरल्या मालकांनी एकतीस वर्षांपूर्वी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की हजेरीच्या वेळी खरं नाव पुकारलं तर ती स्वतःच इकडेतिकडे बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून.

कारखाना म्हणजे तरी काय, शिलाईच्या सामानाच्या दुकानावरचा दुसरा मजला. ओळीने चार टेबलं, प्रत्येकावर भिंगाचा दिवा. कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली, कपाटापेक्षा जराशी मोठी खोली, आतून चारही बाजूंनी जुन्या रजया लावलेली. ती कानबाईची खोली. दार ओढलं की बाहेरचा पंखासुद्धा बंद पडल्यासारखा वाटे.

इथे तयार होणारा प्रत्येक इयरफोन डबीत जाण्याआधी तिच्या कानांतून जायचा. आवाज मोजणारं यंत्र होतं, नव्हतं असं नाही, पण ते दहांतल्या एका जोडीला लावायचे. उरलेल्या नऊ जोड्या बाईच्या भरवशावर. ऐकून झालं की ती कार्डावर दोन ओळी लिही, आणि त्या वाचायला पोरीबाळी हातातलं काम टाकून येत. ‘आवाज रजईखालून येतोय.’ ‘डावा कान उजव्याच्या मागून चालतो.’ ‘माणूस बोलतोय, पण त्याला सर्दी झाली आहे.’ यंत्राच्या वाकड्यातिकड्या रेघेपेक्षा ‘सर्दी’ सगळ्यांना लवकर कळे आणि दुरुस्तीही पटकन होई.

तिची ऐकायची रीत ठरलेली होती. थोरल्या मालकांनी स्वतःच्या घरात केलेलं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग ती प्रत्येक जोडीवर लावी. आधी दार लागतं. बादलीत पाणी पडतं. कोणीतरी जड पावलांनी जिना उतरतं. एक पुरुष आकडे मोजतो, एक बाई काहीतरी गुणगुणते. शेवटी काचेच्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा पडतो, आणि त्यातली एक किल्ली मागाहून किणकिणते. पूर्वी हे कॅसेटवर होतं, मग सीडीवर, आता फोनमध्ये. मोजणारा पुरुष, म्हणजे थोरले मालक, केव्हाच गेले. पण बाईच्या कानात ते रोज पन्नास वेळा एक ते वीस म्हणत.

धाकटा मालक गादीवर बसला तेव्हा त्याने पुष्कळ गोष्टी बदलल्या, पण खोली, रेकॉर्डिंग आणि बाई यांना हात लावला नाही. शाळेतून आला की तो याच खोलीत रजयांना टेकून झोपायचा, त्यामुळे बाई त्याला अजून ‘अरे’च म्हणे. एक दिवस तो नवी जोडी तळहातावर घेऊन आला.

“बाई, हायब्रिड. आजवर एका कानात एकच स्पीकर. जिन्यावरची पावलंही त्यानेच वाजवायची आणि किल्ल्याही त्यानेच. आता आत दोघं आहेत. हा गोल पडदा खालचे जाड आवाज बघणार, आणि ही तांदळाच्या दाण्याएवढी डबी वरचे बारीक.”

“म्हणजे मोठ्या सुनेच्या मदतीला धाकटी आली.”

“आली खरी. दोघींचं पटतंय का, ते तुम्ही सांगायचं.”

बाईने दार ओढून घेतलं. चार मिनिटांऐवजी ती चौदा मिनिटांनी बाहेर आली. कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं होतं. ‘पावलं आधीही यायची, आता उतरणाऱ्याचं वजन कळतं. बादली भरत आली की पाण्याचा आवाज चढत जातो, तो पायरी पायरीने मोजता येतो. गुणगुणणारी बाई हाताच्या अंतरावर बसली आहे. किल्ल्या स्वच्छ, मागाहून किणकिणणारी तर वेगळी काढून दाखवावी अशी.’

मालकाने ते उभ्याउभ्याच वाचलं, परत वाचलं आणि म्हणाला, “बाई, हे असंच्या असं डबीच्या मागे छापू या. खाली ‘कानबाई’ अशी सही.”

“चल, काहीतरीच! डबीवर फोटो छापतोस की काय माझा?”

पण त्या दिवशी घरी जाताना जिना उतरला तो तिने नव्हे, दुसऱ्याच कोणा वीस वर्षांच्या मुलीने. नवऱ्याला तिने डबीवरच्या सहीचं दोनदा सांगितलं. तो पोस्टातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. म्हणाला, “एकतीस वर्षांनी का होईना, कोणीतरी तुझं ऐकलं.”

छापखान्यातून गुरुवारी नमुना येणार होता. बुधवारी दुपारी सगळ्या डबे घेऊन गच्चीवर गेल्या, तेव्हा डाखवाली मागे राहिली. ही तिशीतली. केसासारख्या तारांना डाख द्यायचं काम तिच्याकडे. एकदा डाख देऊन झाला की त्या जागी ती नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका देई, म्हणजे झालेलं आणि राहिलेलं एकात मिसळत नसे. ती मूठ मिटून खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

“बाई, रागावू नका.”

“रागावण्यासारखं काय केलंस ते आधी सांग, मग ठरवते.”

तिने मूठ उघडली. आत हायब्रिडची एक जोडी होती, उघडलेली. “काल मधेच वीज गेली ना, तेव्हा ही अर्धी राहिली होती. ती चुकून झालेल्या ताटलीत गेली. बघा, लाल ठिपका नाही. बारीक डबी बसवलीये, पण तार जोडलेलीच नाही. दोन्ही कानांत.”

“मग जोड की. एवढं तोंड पाडून बसायला काय झालं?”

डाखवालीने दुसऱ्या हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं. अक्षर बाईचं होतं. ‘उत्तम. किल्ल्या स्वच्छ.’

बाईने ते वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि परत वाचलं.

“कार्ड बदललं गेलं असेल.”

“नंबर एकच आहे, बाई.”

“लाव बरं.”

उघडी जोडी तशीच कानात धरून तिने रेकॉर्डिंग लावलं. दार लागलं. पाणी पडलं. थोरल्या मालकांनी वीसपर्यंत मोजलं. शेवटी किल्ल्या पडल्या, आणि ती शेवटची किल्लीसुद्धा नेहमीसारखी किणकिणली. ज्या डबीला तारच नव्हती, तिच्यातून किल्ल्या वाजल्या कशा?

डाखवालीने एक बाजू आपल्या कानाला लावून बघितली. “यात नाहीयेत, बाई. नुसतं धप् होतंय, उशीवर काहीतरी टाकल्यासारखं.”

बाईने दोन्ही बाजू टेबलावर ठेवल्या. मग ती म्हणाली, “तुझ्या फोनवर कायतरी नवीन भर. मी कधी न ऐकलेलं. काय करतेस ते मला सांगू नको.”

डाखवाली बाहेर गेली आणि थोड्या वेळाने आली. या वेळी बाईने लाल ठिपक्याची, नीट जोडलेली जोडी कानात घातली आणि डोळे मिटले.

“स्टूल सरकवलंस. खोकलीस. हां, मग लाकडावर बोट आपटलंस, पाच वेळा. आणि मग बराच वेळ गप्प बसलीस.”

“बोट नाही हो.” डाखवालीचा आवाज अगदी खाली गेला. “काचेच्या बशीत पाच स्क्रू टाकले, एकेक करून. आणि गप्प नव्हते. ब्रशने टेबल झाडत होते.”

बाईच्या डोळ्यांसमोर आलं ते भलतंच. घरचं कपडे धुवायचं यंत्र. सहा महिन्यांपूर्वी ते मुकं झालं होतं. धुऊन झालं की तीनदा वाजायचं, ते वाजेना. तिने हट्टाने मेकॅनिकला बोलावलं. त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, “वाजतंय की काकू!” आणि तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. “एकतीस वर्षं ऐकायचंच काम करते मी, मला शिकवू नकोस!” बिचारा टोपी हातात घेऊन निघून गेला. नवरा तेव्हा तिथेच होता. काही बोलला नव्हता. त्या दिवसापासून मात्र यंत्र थांबलं की कपडे काढायला तोच उठू लागला होता, आणि तिला वाटलं होतं, म्हातारपणी माणूस सुधारला.

“बाई,” डाखवाली म्हणाली, “मी तार जोडते आणि ठिपका देते. चूक माझीही आहे. मी नाही बोलणार, तुम्ही नका बोलू. कोणाला कळणार आहे?”

बाईला तो मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. ही खुर्ची सोडली तर ती कोण होती? चार टेबलांपैकी एकाही टेबलावरचं काम तिला येत नव्हतं. आणि उद्या तर डबीवर तिचे शब्द छापून यायचे होते. तिने कार्ड उलटं करून ठेवलं. पुन्हा सुलटं केलं.

“मला नाही ना कळलं,” ती म्हणाली. “तेच तर झालंय. आणखी किती जोड्या अशा गेल्या असतील, ते तरी कोणाला कळलं?”

गुरुवारी मालकाच्या टेबलावर डबीचा नमुना आला. जाड कागद, निळी अक्षरं, खाली सही. बाईने तो हातात घेतला, सहीवरून अंगठा फिरवला आणि शेजारचं लाल पेन उचलून किल्ल्यांची ओळ खोडली.

“अहो बाई!”

“मी हे ऐकलेलं नाही. मला आठवलं ते मी लिहिलं.” आणि तिने उघडी जोडी, कार्ड, बशीतले पाच स्क्रू सगळं एकापाठोपाठ सांगितलं. उभ्यानेच सांगितलं.

मालकाने विचारलं, “आईचं गुणगुणणं?”

“ते येतं. वजनासकट येतं. पावलं येतात, पाणी येतं, तुझे बाबा येतात. त्याच्या वरचं गेलं. कधी गेलं, ते मला सांगता येत नाही. ते रेकॉर्डिंग मला इतकं पाठ झालंय, की गेलेलंही कळलं नाही.”

“ओळ राहू दे ना, बाई. खोटी थोडीच आहे? किल्ल्या खरंच स्वच्छ आहेत.”

“असतील. पण ते मी सांगायचं नाही.” ती दाराकडे वळून ओरडली, “अगं ए, डाख ठेव खाली आणि इकडे ये.”

मग त्या दोघी रजयांच्या खोलीत बसल्या. एकच खुर्ची, म्हणून डाखवाली उलट्या बादलीवर. जुनं रेकॉर्डिंग बाईने बंद ठेवलं आणि डाखवालीच्या फोनवरचं लावलं. चांगली जोडी तिच्या कानात दिली.

“हं. स्क्रू कसे आहेत?”

“छान आहेत.”

“छान हा शब्द या खोलीत चालत नाही. छान तर पाहुणेही असतात.”

“म्हणजे... नीट वाजतात.”

“नीट वाजायचं कामच आहे त्यांचं. ओले आहेत की कोरडे? कानाला टोचतात का? पाचही सारखेच, की एखादा लहान?”

डाखवालीने डोळे मिटले. कपाळाला आठी पडली. “कोरडे. टोचत नाहीत... पण चौथा जरा जास्त चमकतो, बाई. उन्हात ताटली फिरवली की डोळ्यावर येते, तसा.”

बाई एकदम सरसावून बसली. “चौथाच? परत ऐक.” परत ऐकलं. चौथाच. “लिही,” बाई म्हणाली, “माझ्या ओळींखाली. आणि अक्षर जरा मोठं काढ, मुंग्या पळवू नकोस.”

“आणि सही?”

“दोघींची. मोठी सून खाली, धाकटी वर, तोच आहे ना हा इयरफोन? भांडलो तर मालक बघून घेईल.”

त्या दिवसापासून कार्डावर दोघींचं अक्षर दिसू लागलं. आधी बांधून ठेवलेल्या सगळ्या जोड्या परत उघडल्या गेल्या. तीन दिवस ते काम चाललं आणि बाई प्रत्येक डबी उघडताना तिथे उभी होती. आणखी एक मुकी जोडी निघाली. ती तिने मागितली नाही, पण मालकाने आपणहून तिच्या टेबलावर आणून ठेवली, आठवण म्हणून.

शनिवारी संध्याकाळी ती घरी भाजी निवडत बसली होती. नवरा पेपर बाजूला ठेवून उठायला लागला.

“वाजलं का?” तिने विचारलं.

तो थांबला. तिच्याकडे नीट बघितलं. “वाजलं.”

“सहा महिने तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि बोलला नाहीत.”

“मेकॅनिकची गत बघितली होती मी.”

तिला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही. ते पदराला लावून ती म्हणाली, “कसं वाजलं?”

“कसं म्हणजे? वाजलं.”

“‘वाजलं’ चालत नाही. नीट सांगा.”

आयुष्यभर पाकिटांवर शिक्के मारलेला तो माणूस दारात उभा राहून विचार करू लागला. बराच वेळ गेला. यंत्राने कंटाळून पुन्हा एकदा वाजवून घेतलं असावं, कारण त्याने बोट वर केलं आणि कान तिकडे केला.

“रुसलेल्या पोराने,” तो सावकाश म्हणाला, “आपल्याकडे कोणी बघत नाही म्हणून तीनदा नाक ओढावं, तसं.”

तिने भाजीचं ताट खाली ठेवलं. “बसा तुम्ही,” ती म्हणाली. “मी काढते कपडे.”